सडकेचा विसावा

बेळगावाहून दक्षिणेस निघालेली सडक उद्यमबागेचे कारखाने मागे टाकते न टाकते तोच पिरनवाडी लागते. येथे तिला फाटा फुटतो. सरळ गेलेली वाट मच्छे, खानापूर, लोंढा अशी गावे घेत अनमोडच्या घाटाने गोव्यात उतरते. उजवीकडे वळलेली किणये, जांबोटी, कणकुंबी या मार्गाने चोर्ल्याचा घाट गाठते. पहिली वाट दीर्घकाळ राष्ट्रीय महामार्ग ४-अ म्हणून ओळखली जात होती. २०१० साली देशातील महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा ती ७४८ क्रमांकाची झाली. दुसरी ज्या कणकुंबीवरून जाते तेथे मलप्रभेचा उगम आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या वाटेवर पाऊस किती कोसळतो हे निराळे सांगावयास नको. दोन्ही वाटांवरून रात्रंदिवस मालमोटारी धावतात. चार महिने पाणी आणि आठ महिने ऊन, अशा या फाट्यावर डांबरी सडकेच्या शास्त्रातील एक जुना प्रश्न फार स्पष्टपणे उभा राहतो. चाकाखाली सडक मोडते ती किती, आणि मोडलेली सडक आपली आपण सांधते ती किती?

सडक आपली आपण सांधते, हे ऐकून श्रावणात या वाटेने प्रवास करणाऱ्या माणसाला हसू येईल. त्याच्या अनुभवात सडक फाटते, तिला ठिगळे लागतात आणि ठिगळेही फाटतात. तरीही विधान खरे आहे. फरक इतकाच की डोळ्यांना दिसणारी भेग ही सांधण्याच्या पलीकडे गेलेली असते. सांधण्याचा सारा व्यवहार त्याआधीचा असतो. केसाहून बारीक अशा असंख्य तड्यांमध्ये तो चालतो आणि तो पाहण्यास कोणी जात नाही. या अदृश्य व्यवहाराचा हिशेब मांडण्याचे काम आज संगणकावर चालले आहे. त्या हिशेबाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. कारण तो हिशेब ठाऊक नसतानाही सडका बांधल्या जात होत्या, आणि त्या टिकतही होत्या.

डांबराचा स्वभावच दुहेरी आहे. घणाचा घाव घातला तर ते काचेसारखे फुटते. तेच काही काळ स्वस्थ ठेवले तर पाण्यासारखे, अर्थात् अत्यंत सावकाश, वाहते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात टॉमस पार्नेल या प्राध्यापकाने १९२७ साली नरसाळ्यात डांबरासारखे घट्ट राळद्रव्य भरून ठेवले. त्याचा पहिला थेंब १९३८ साली पडला आणि नववा २०१४ साली. गुळाच्या मुलुखात राहणाऱ्यांना इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. वैशाखात शेजारीशेजारी ठेवलेले गुळाचे दोन मऊ खडे काही दिवसांनी एकजीव होतात, त्यांच्यामधील सीमा शोधून सापडत नाही. डांबरातील बारीक तड्याच्या दोन कडा एकमेकींना टेकल्या, त्यांना ऊब मिळाली आणि त्यांच्यावरून काही काळ चाक गेले नाही, तर तेथेही हेच घडते. ऊब, स्पर्श आणि विसावा या तीन गोष्टी जुळून आल्या पाहिजेत. तिन्हींची गरज ध्यानात ठेवली म्हणजे पुढील कथा समजण्यास सोपी जाते.

आपल्याकडे डांबर सडकेवर आले ते मोटारीमुळे. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव खडीचा चुरा करी. पण तो चुरा पाण्याबरोबर पुन्हा खडीत बसे आणि सडक घट्ट होई. रबरी चाकाच्या वेगवान मोटारीने तो चुरा धुळीच्या रूपाने उडवून नेण्यास आरंभ केला आणि खडी उघडी पडू लागली. मोटारींची संख्या वाढली तेव्हा सडकांचा प्रश्न केवळ जिल्ह्याजिल्ह्यांचा राहिला नाही. १९२७ साली हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या सडक विकास समितीचे अध्यक्षपद बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्याकडे आले. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून महाराष्ट्र ज्यांना ओळखतो, तेच हे जयकर. समितीचा अहवाल १९२८ साली बाहेर पडला. सडका वापरणाऱ्याकडूनच सडकांचा पैसा यावा असे तिचे म्हणणे होते. त्यानुसार १९२९ पासून पेट्रोलच्या दर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसून मध्यवर्ती सडक निधी उभा राहिला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था १९५२ साली. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात गेला. सडकांचा सांभाळ करणारे खाते बदलले, खाली अंथरलेली खडी मात्र तीच राहिली.

१९४३ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षाच्या डिसेंबरात प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि वीस वर्षांची सडक योजना त्यांनी तयार केली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक मार्ग, जिल्हा मार्ग, गावरस्ता ही जी वर्गवारी आज सर्वांच्या तोंडी आहे, ती या नागपूर योजनेतील होय. योजनेचे मोजमाप मुख्यतः लांबीचे होते आणि त्या काळाच्या गरजेस ते साजेसेच होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डोनाल्ड बर्मिस्टर यांनी सडकेच्या जाडीचा प्रश्न गणिताने सोडविला. सडक म्हणजे एकावर एक अंथरलेले थर, प्रत्येकाचा ताठरपणा निराळा. वरून चाकाचा भार आला असता कोणत्या थरात किती ताण निर्माण होतो, हे काढण्याची रीत त्यांनी दिली. रीत अचूक होती, परंतु हाताने आकडेमोड करणाऱ्याची कंबर मोडणारी होती. १९६३ साली शेव्हरॉन या तेल कंपनीच्या संशोधकांनी आणि १९७३ साली शेल कंपनीच्या संशोधकांनी तिचे संगणकासाठी कार्यक्रम तयार केले, तेव्हा कोठे ती अभियंत्याच्या टेबलावर आली. सडकेचे संगणकीय प्रतिमान, म्हणजे गणितात उभी केलेली सडकेची प्रतिकृती, येथून सुरू होते.

ही प्रतिकृती ताण सांगत होती, आयुष्य सांगत नव्हती. तार वारंवार वाकविली म्हणजे तुटते, तसा सडकेलाही थकवा येतो. थकव्याचे माप घेण्यासाठी प्रयोगशाळेत डांबरखडीची लहानशी तुळई करून ती न थांबता वाकवीत राहावयाचे आणि किती आवर्तनांनी ती तुटते हे मोजावयाचे, अशी पद्धत पडली. या पद्धतीने काढलेला आकडा प्रत्यक्ष सडकेशी ताडून पाहण्याची संधी अमेरिकेत मिळाली. इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास प्रयोगासाठी बांधलेल्या वळसेदार सडकांवर लष्करी शिपाई भारलेल्या ट्रका फिरवीत राहिले. ११ लाख १४ हजार वेळा आसांचा भार त्या सडकांवरून गेला. आसाचा भार दुप्पट केला तर सडकेचे नुकसान सुमारे सोळापट होते, हा प्रसिद्ध नियम त्या प्रयोगातून निघाला. पण त्याबरोबर दुसरीही एक गोष्ट निघाली, आणि तिच्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष कधी गेले नाही. प्रयोगशाळेच्या हिशेबाने जी सडक केव्हाच संपावयास हवी होती ती उभी होती. तुळईचे आयुष्य आणि सडकेचे आयुष्य यांत जमीनअस्मानाचे अंतर होते.

अभियंत्यांनी यावर काय केले? त्यांनी एक गुणक घेतला. ओटावाच्या निरीक्षणांशी मेळ घालून प्रयोगशाळेतील आयुष्याला १८.४ ने गुणावे असे ठरले, आणि अमेरिकेच्या अ‍ॅस्फाल्ट इन्स्टिट्यूटच्या रचनापद्धतीत हा आकडा रूढ झाला. या १८.४ च्या पोटात अनेक गोष्टी दडलेल्या आहेत. सगळी चाके नेमकी एकाच रेषेवरून जात नाहीत, ही एक. तळाशी पडलेल्या तड्याला माथ्यापर्यंत चढण्यास वेळ लागतो, ही दुसरी. आणि तिसरी अशी की दोन चाकांच्या मध्ये सडकेला जी उसंत मिळते तीत ती थोडीशी बरी होते. या तिघींपैकी कोणीचा वाटा किती, हे गुणक सांगत नाही. व्यवहारी माणसाची ती तोड होती. तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्या गुणकाच्या आधाराने असंख्य मैल सडका बांधल्या गेल्या. मात्र इलिनॉयच्या हवेत, तेथील खडीवर आणि तेथील तेलाच्या डांबरावर मिळालेला आकडा दुसऱ्या मुलुखात नेला तर त्याच्या पोटातील भाग तेच राहतील, याची हमी कोणी घ्यावी?

गुणकाची गाठ सोडविण्याचा पहिला नाव घेण्याजोगा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. बाझँ आणि सोनिये या दोघा संशोधकांनी १९६७ साली मिशिगनमधील अ‍ॅन आर्बर येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत आपला निबंध वाचला. डांबरखडीचा नमुना ओढून त्यांनी तोडला, तुटलेले भाग एकमेकांस टेकवून २५ अंश सेल्सिअस तपमानात ठेवले, आणि तीन दिवसांनी पुन्हा ओढला. नमुन्याने मूळ ताकदीपैकी सुमारे ९० टक्के ताकद परत दाखविली. १९७० साली इंग्लंडमध्ये रेथबी व स्टर्लिंग यांनी दर भारानंतर अल्पशी विश्रांती देऊन पाहिली. नमुन्याचे आयुष्य कित्येक पटींनी वाढले. विसाव्याची गोष्ट आता अटकळ राहिली नव्हती.

तरीही एक अडचण होती, आणि ती सूक्ष्म आहे. भार काढल्यावर डांबराचा ताठरपणा पुन्हा वाढतो, परंतु ती सारी वाढ तडे सांधल्यामुळेच होते असे म्हणता येत नाही. उशी दाबून सोडली तर ती हळूहळू फुगते. म्हणून उशीची फाटलेली शिवण जुळली असे कोणी म्हणत नाही. डांबरातही ही नुसती फुगवटी आणि खरी जोडणी एकाच वेळी चालू असतात. त्यांना विलग करण्याचे गणित अमेरिकेतील टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या रिचर्ड शेपेरी यांच्या सिद्धांतात होते. त्याचा आधार घेऊन रिचर्ड किम आणि डॅलस लिटल यांनी १९९० च्या सुमारास दाखवून दिले की फुगवटी वजा केल्यावरही काही उरते, आणि ते उरलेले म्हणजेच खरे सांधणे. या संशोधनाचा विस्तृत अहवाल अमेरिकेच्या महामार्ग खात्यातर्फे २००१ साली निघाला. वाहत्या सडका काही काळ बंद ठेवून, विसाव्याच्या आधी व नंतर तिच्यातून लहरी पाठवून त्यांचा वेग मोजण्याचेही प्रयोग त्यात आहेत. वैद्याने छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकावा, त्यातलाच हा प्रकार.

सांधण्याचे गणित मात्र डांबराच्या घरचे नव्हते. ते प्लॅस्टिकच्या शास्त्रातून उसने आणलेले होते. वूल आणि ओकॉनर यांनी १९८१ साली बहुवारिकांतील, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंच्या पदार्थांतील, भेगा कशा भरून येतात याच्या पाच पायऱ्या सांगितल्या. कडांवरील रेणूंची फेरमांडणी होते, कडा जवळ येतात, एकमेकींना ओलावा दिल्यासारख्या चिकटतात, एका कडेचे रेणू दुसरीत शिरतात आणि अखेर मिसळून जातात. सापाने बिळातून सरपटावे तसे लांब रेणू आपल्या शेजाऱ्यांतून सरपटतात, ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांची, १९७१ सालची. त्यांना १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. डांबराचे रेणू अशा लांबलचक साखळ्यांचे नसतात. त्यामुळे ही उसनवारी कितपत शोभते याविषयी शंका घेण्यास जागा आहे. पण दुसरे काही हाताशी नव्हते, आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्या तर कोणत्याही पदार्थास लागू पडतात. दोन कडा स्वच्छ असतील, एकमेकींना भिडतील, तरच पुढचे सारे.

यानंतर संगणकाचे काम दोन टोकांनी सुरू झाले. एका टोकाने अख्खी सडक घेतली. तिचे हजारो लहान तुकडे कल्पावयाचे आणि प्रत्येक तुकड्यात नुकसान किती झाले व भरून किती आले, यांचे दोन खाती मांडून क्षणोक्षणी जमाखर्च लिहावयाचा. टेक्ससमध्ये लिटल, मसाद, अबू अल-रुब आणि दाराबी यांनी २०१० नंतरच्या दशकात या धर्तीवर ‘पांडा’ नावाचे प्रतिमान उभे केले. पूर्वीच्या गुणकाशी ताडून पाहिले म्हणजे याचे महत्त्व कळते. १८.४ हा एकच ठोकळ आकडा होता. येथे विसाव्याचे खाते स्वतंत्र झाले, आणि त्यात तपमान व उसंतीचा काळ घालता येऊ लागला. रात्री वाहतूक थांबणारी सडक आणि अहोरात्र वाहणारी सडक यांचे आयुष्य निराळे का, हे प्रतिमान सांगू शकले.

दुसऱ्या टोकाने रेणू घेतला. डांबर हे खनिज तेल गाळून उरलेला अवशेष आहे. तेल ज्या विहिरीचे, तसे त्याचे डांबर. (मराठीत कोळशाचे डांबर आणि तेलाचे डांबर यांना एकच शब्द आहे, सडकेवर आज असते ते तेलाचे.) त्यात हजारो प्रकारचे रेणू असतात. र्‍होड आयलंड विद्यापीठाचे मायकेल ग्रीनफिल्ड यांनी त्यांच्याऐवजी मोजके प्रातिनिधिक रेणू निवडून संगणकात डांबर घडविले. अमित भसीन, लिटल, ग्रीनफिल्ड आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ साली अशा घडविलेल्या डांबराचे दोन भाग शेजारी ठेवून रेणूंची ये-जा पाहिली. रेणू जितके सरळ आणि कमी फाट्यांचे, तितके सांधणे सुलभ, असा कल त्यांना आढळला. परंतु रेणूंच्या या हिशेबात काळ फार महाग असतो. संगणक अनेक दिवस राबून सेकंदाच्या अब्जांश भागांतील हालचाल दाखवितो. आणि तडा भरून येण्यास लागतात तास. हे अंतर कसे ओलांडावयाचे?

युरोपात काहींनी दुसराच मार्ग धरला होता. सडक सावकाश सांधते ना, मग तिला उष्णता देऊन घाई करावयास लावू. हॉलंडमधील डेल्फ्ट विद्यापीठाचे एरिक श्लांगेन आणि त्यांचे सहकारी यांनी डांबरात पोलादाचे बारीक तंतू मिसळले. वरून विद्युत्-प्रवर्तनाचे यंत्र फिरविले की तंतू तापतात, भोवतालचे डांबर पातळ होते आणि तडे मिटतात. २०१० च्या डिसेंबरात व्लिसिंगन गावाजवळ ए-५८ या महामार्गाच्या ४०० मीटर भागावर हे मिश्रण अंथरले गेले. हॉलंडमध्ये सडकेचा वरचा थर मुद्दाम सच्छिद्र ठेवतात; पाणी खाली निघून जाते आणि चाकांचा आवाज कमी होतो, पण अशा थरातील खडे लवकर सुटतात. त्यांचा रोग तो, म्हणून औषधही तसे. चार वर्षांतून एकदा यंत्र फिरविले तर थराचे आयुष्य दुप्पट होईल, असा अंदाज श्लांगेन यांनी २०१२ च्या आपल्या व्याख्यानात दिला.

अगदी अलीकडे, २०२५ च्या फेब्रुवारीत, लंडनच्या किंग्ज कॉलेजचे फ्रान्सिस्को मार्तिन-मार्तिनेझ आणि वेल्समधील स्वान्झी विद्यापीठाचे होसे नोराम्बुएना-कोन्त्रेरास यांनी चिलीमधील सहकाऱ्यांसह केलेले काम जाहीर झाले. डांबर वयाबरोबर प्राणवायूशी संयोग पावून कडक होते आणि त्याची सांधण्याची शक्ती जाते. म्हणून त्यांनी केसाहून लहान अशा वनस्पतिजन्य कुप्यांत वापरून झालेले तेल भरून त्या डांबरात पेरल्या. तडा पडला की कुपीतील तेल बाहेर येते आणि कडक झालेले डांबर पुन्हा वाहते होते. प्रयोगशाळेत एक सूक्ष्म तडा तासाभराच्या आत पूर्णपणे मिटला. रेणूंचा हिशेब लवकर व्हावा म्हणून या मंडळींनी संगणकाला आधीच्या हिशेबांवरून शिकविण्याची, म्हणजे ज्याला आज कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात तिची, मदत घेतली. काळाचे जे अंतर मघाशी दिसले, त्यावर पूल बांधण्याचा हा प्रयत्न आहे. पूल अजून अर्धाच बांधला आहे. प्रयोगशाळेतील तडा आणि वाहती सडक यांच्यामध्ये पुष्कळ मैल पडतात.

आता आपल्याकडचा हिशेब. इंडियन रोड्स काँग्रेसची डांबरी सडकांच्या रचनेची मार्गदर्शिका, क्रमांक ३७, प्रथम १९७० साली निघाली. तीत जमिनीची ताकद पाहून आलेखावरून जाडी काढावयाची असे. २००१ च्या आवृत्तीत बर्मिस्टरच्या थरांचे गणित संगणकाद्वारे आले, आणि २०१२ पासून खरगपूरच्या आयआयटीत तयार झालेला ‘आयआयटीपेव्ह’ हा कार्यक्रम तिच्यासोबत मिळू लागला. थकव्याचे सूत्र भारतीय सडकांवरील निरीक्षणांशी जुळवून घेतले आहे; इलिनॉयचा गुणक डोळे मिटून घेतलेला नाही, ही समाधानाची गोष्ट. परंतु त्या सूत्रात सांधण्याचे स्वतंत्र खाते नाही. जे काही सांधले गेले असेल ते सूत्राच्या स्थिरांकात विरघळून गेले आहे, आणि तो स्थिरांक राजस्थानच्या वाळवंटास व कणकुंबीच्या डोंगरास सारखाच लागू होतो. डांबराचे तपमानही देशाच्या बहुतेक भागांसाठी सरासरी ३५ अंश धरावे असे मार्गदर्शिका सांगते.

पिरनवाडीच्या फाट्याचे महत्त्व येथे आहे. ऊब, स्पर्श आणि विसावा यांपैकी उबेची या मुलुखात वाण नाही. हॉलंडमध्ये जे काम यंत्राला करावे लागते, त्यातले पुष्कळसे येथे मार्च ते मे या महिन्यांत सूर्य फुकट करतो. मात्र या देणगीलाही किंमत आहे. ज्या उन्हात डांबर सैल होऊन तडे मिटविते, त्याच उन्हात जड चाकाखाली ते बाजूला सरते आणि सडकेवर चाकोरी उमटते. पातळ डांबर सांधते चांगले पण चाकोरीला बळी पडते; घट्ट डांबर चाकोरी पडू देत नाही, परंतु एकदा तडकले की तडकले. २००६ सालापासून आपल्याकडे डांबराची प्रत त्याच्या दाटपणावरून ठरते. ती ठरविताना ६० अंशांवरील दाटपणा पाहिला जातो, म्हणजे मुख्यतः चाकोरीची काळजी घेतली जाते. सांधण्याची शक्ती त्या प्रतीवरून कळत नाही.

विसाव्याच्या बाबतीत सीमाभागातील सडका एकमेकींहून फार निराळ्या आहेत. निपाणीवरून बेळगावकडे येणारा पुणे–बंगळूर महामार्ग, जुना क्रमांक ४ आणि आताचा ४८, याला रात्र अशी नाहीच. एका ट्रकेची मागची चाके जातात न जातात तोच दुसरीची पुढची येतात. जांबोटीच्या वाटेला उसंत अधिक, पण तिची अडचण स्पर्शाची आहे. तड्याच्या दोन कडांमध्ये पाणी शिरले म्हणजे कडा एकमेकींस टेकल्या तरी भिडत नाहीत. शिवाय दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ अधिक असते. पाणी दोघांच्या मध्ये सरकते आणि खडी नागडी होते. त्यात चाकाचा दाब पडला की भेगेतील पाणी पिचकारीसारखे आतल्या आत मारा करते. टेक्ससच्या प्रतिमानात ओलाव्याचे प्रकरण नंतर जोडले गेले. परंतु सांधण्याचे बहुतेक आकडे कोरड्या नमुन्यांवरून आलेले आहेत. पावसाने धुतलेल्या तड्यात हिवाळ्यानंतर जांभ्याची लाल धूळ बसते, आणि मग वैशाखाची ऊब आली तरी कडा स्वच्छ नसतात.

दगडाचाही प्रश्न आहे, आणि तो याच टापूत उद्भवतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे विशाल पठार दक्षिणेस बेळगावच्या आसपास संपते. उत्तरेकडे निपाणीपर्यंत खाणीतून निघतो तो काळा पाषाण. खानापूरकडे जावे तो दगडाची जात बदलू लागते. डांबर सर्व दगडांना सारखे धरून राहत नाही. गारेच्या जातीच्या दगडावरून पाणी त्याला लवकर सोडविते, काळ्या पाषाणावरून तुलनेने उशिरा. म्हणजे एकाच ठेकेदाराने एकाच कारखान्याचे डांबर आणून तीस मैलांच्या अंतरात दोन सडका केल्या, तरी त्यांचे सांधण्याचे खाते निराळे निघण्याचा संभव आहे. आणि मार्गदर्शिकेतील सूत्र दोघींचे आयुष्य एकच दाखवील.

हे खाते उघडावयाचे तर प्रथम सडकेतून नमुने काढले पाहिजेत. पोकळ पात्याच्या यंत्राने सडकेतून गोल दंडगोल कापून काढतात. तो केव्हा कापावा, येथपासून विचार हवा. मेअखेरीचा नमुना उन्हाळाभर शेकून निघालेला असेल, सप्टेंबरअखेरीचा चार महिने भिजलेला. दोन्ही एकाच सडकेचे असूनही ते निराळी उत्तरे देतील, आणि प्रतिमानाला दोन्ही उत्तरे हवी आहेत. दोन्ही नमुने तोडावयाचे, २५ अंशांत तीन दिवस टेकवून ठेवावयाचे आणि पुन्हा ओढावयाचे. १९६७ सालच्या फ्रेंच जोडीने जे केले तेच. याला मोठा संगणक लागत नाही. संगणकाला मात्र याच्यावाचून चालत नाही. पिरनवाडीला लागून असलेल्या मच्छ्यात १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य आवार आहे. ज्यांचे नाव त्याला दिले ते विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ पासून १९०८ पर्यंत मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होते. आवारासमोरून सरळ जाते ती खानापूरची सडक. थोडे मागे येऊन फाट्यावर वळले की जांबोटीची.